तळोज्याच्या गाडीवर तांदळाची भाकरी का मिळत नाही?

दुपारी तीनच्या सुमारास नवी मुंबईतल्या तळोजा एमआयडीसीत पहिली पाळी सुटते आणि दुसरी भरते. सुटलेले आणि भरायला निघालेले असे दोन्ही कामगार त्याच अर्ध्या तासात रस्त्यावर असतात. कारखान्यांच्या फाटकांबाहेरच्या कित्येक गाड्यांचं दिवसाचं गणित त्या अर्ध्या तासावर उभं असतं. वड्याचा पहिला घाणा निघालेला, पावाच्या लाद्या सोडवून ठेवलेल्या, चहाचं पातेलं पुन्हा चढलेलं. एका गाडीवर लिट्टी-चोखा, दुसरीवर अंडाभुर्जी, पलीकडे राइस प्लेट. सुटलेला माणूस बाकड्यावर टेकतो, भरणारा उभ्याउभ्या खाऊन पळतो.

ही गर्दी फाटकाबाहेर का येते, याचं एक उत्तर कायद्यात आहे. १९४८च्या कारखाने अधिनियमाने २५०हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यावरच उपाहारगृहाची सक्ती ठेवली. २०२०च्या नव्या कामगार संहितेत ही मर्यादा १००वर आणली आहे. तळोज्यात रसायनं, औषधं, अभियांत्रिकी, मासळी प्रक्रिया अशी शेकडो युनिटं आहेत आणि त्यांतली पुष्कळशी छोटी आहेत. तीस-चाळीस माणसांच्या कारखान्यात कॅन्टीन नसतं. तिथल्या माणसाचं कॅन्टीन म्हणजे फाटकाबाहेरची गाडी. तिला अतिक्रमण म्हणण्याआधी ती नसती तर हे लोक कुठे जेवले असते, याचा विचार करायला हवा.

गाडीवरचं खाणं त्या भागाची चव सांगतं, असा आपला समज असतो. नवी मुंबईत थोडं फिरलं की दिसतं ते वेगळंच. गाडीवर काय शिजेल हे समोरची गर्दी ठरवते. बेलापूर ते पेंधर ही ११ स्थानकांची मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ला सुरू झाली. संध्याकाळी तिने प्रवास करत मध्येमध्ये उतरून खाऊन पाहा. खारघरला उत्सव चौकाच्या बाजूला कॉलेजची आणि क्लासची मुलं असतात, म्हणून तिथे मोमो, शोरमा, चीज घातलेले डोसे आणि चाट. पेंधरला, मार्गाच्या टोकाला, उतरतात ते दमून घरी निघालेले लोक. त्यांना बसायचं नसतं, पार्सल हवं असतं. म्हणून चायनीज, पाणीपुरी, भजी. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या २०१८च्या १४,८३८ घरांच्या योजनेत तळोजाही होता. नवी कुटुंबं जसजशी राहायला आली तसतशी तळोज्याच्या फेज वन आणि फेज टूच्या नाक्यांवर ही पार्सलची गर्दी दाट होत गेली. कळंबोलीच्या लोखंड बाजारात गिऱ्हाईक ट्रकचालक, तिथे ढाब्याची डाळ, तंदुरी रोटी आणि कडक चहा. वाशीच्या एपीएमसीत पहाट व्हायच्या आधी माथाडी कामगार कामाला लागतात. त्यांतले बरेच सातारा-सांगलीकडचे, म्हणून तिथे तर्रीची मिसळ आणि कांदाभजी. अवघ्या काही किलोमीटरमध्ये चार वेगळे खाद्यप्रदेश आहेत, आणि चारही बाहेरून आलेल्या माणसांनी घडवलेले आहेत.

मग इथल्या गावांचं खाणं कुठे आहे? पेंधर, घोट, रोहिंजण, तोंडरे, नावडे ही नवी मुंबईच्या कितीतरी आधीची गावं. भातशेती, खाडी आणि मिठागरं यांवर जगणारा आगरी-कोळी समाज इथला. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. शहर उभं राहिलं, पण या लोकांचं रोजचं जेवण गाडीवर क्वचितच आलं. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, जवळ्याची चटणी, सुक्या बोंबलाचं कालवण, चिंबोऱ्यांचा रस्सा, वालाचं बिरडं हे सगळं घरात आहे, थोड्या खानावळींत आहे, हिवाळ्यातल्या आगरी-कोळी महोत्सवांच्या स्टॉलवर तर त्यासाठी रांगा लागतात. रस्त्यावर मात्र नाही. मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर बरंचसं स्वयंपाकाच्या शास्त्रात आहे.

आधी वडापाव घेऊ. १९६६मध्ये दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली असं सांगितलं जातं. पाच-सहा दशकांत तो सगळ्या महाराष्ट्रात पोचला, कारण तो जणू गाडीसाठीच घडवलेला पदार्थ आहे. पाव बेकरीतून पहाटे तयार येतो. मैद्यातल्या ग्लूटेनच्या जाळीत हवा आणि ओलावा धरून राहतो, त्यामुळे तो दिवसभर मऊ असतो. बटाट्याची भाजी घरी सकाळीच होते. गाडीवर उरतं ते बेसनात बुडवून तेलात सोडणं. तेल १७०-१८० अंशांवर असलं की बेसनाचं कवच क्षणात धरतं, आतली भाजी वाफेवर गरम होते आणि तेल फारसं आत शिरत नाही. लसणाची चटणी सुकी, म्हणजे नासायची भीती नाही. ताट नको, चमचा नको, भांडी विसळायला पाणी नको, बसायला जागा नको. एक माणूस एका कढईवर तासाभरात शेकडो लोकांना खाऊ घालू शकतो.

चायनीजच्या गाडीचंही असंच. भात आणि नूडल्स आधी शिजवून ठेवलेल्या, भाज्या चिरलेल्या, मंचुरियनचे गोळे तळलेले. ऑर्डर आली की भडकत्या शेगडीवर दोन मिनिटांचं काम. सायकलवर भोंगा वाजवत येणारा इडलीवाला सगळं घरूनच वाफवून आणतो. पाणीपुरीला तर रगडा सोडला तर आचच लागत नाही. रस्त्यावर तोच पदार्थ टिकतो ज्याची मेहनत घरी किंवा बेकरीत होऊन जाते आणि ज्याचा शेवटचा हात गाडीवर दोन-तीन मिनिटांत फिरतो.

आता तांदळाच्या भाकरीकडे या. तांदळात ग्लूटेन नाही, त्यामुळे नुसतं पीठ गार पाण्यात भिजवलं तर ते एकसंध होत नाही. म्हणून उकळत्या पाण्यात पिठाची उकड काढतात. उष्णतेने स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, चिकट होतात आणि पिठाला धरून ठेवतात. परातीत ते गरम असतानाच मळायचं, हातावर किंवा परातीत पाणी लावत थापायचं, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग फुगवायची. एका वेळी एक भाकरी. हात कितीही सराईत असला तरी तिला लागायचा तो वेळ लागतोच. आणि एवढं करून ती टिकत नाही. गार होताना फुगलेला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो, पाणी सोडतो, आणि भाकरी वातड होते. पाव सकाळचा संध्याकाळी चालतो, पण तांदळाच्या भाकरीची गोडी तव्यावरून उतरल्यावर पहिल्या काही मिनिटांचीच. दोन्ही हात पिठात असलेल्या बाईने त्याच हातांनी पैसे घ्यायचे नाहीत, म्हणजे दुसरं माणूस हवं. पाणी तर पावलोपावली हवं, आणि रस्त्यावरच्या गाडीला नळ नसतो.

मासळीचं आणखी अवघड. ओल्या बोंबलात पाण्याचा अंश इतका असतो की तळण्याआधी त्याला वजनाखाली दाबून निथळवावं लागतं, आणि बर्फ नसेल तर तो काही तासांत उतरतो. जिताडा हा रायगडचा मानाचा मासा. पेण-अलिबागकडे शेततळ्यांत तो जपून वाढवतात, त्याची किंमत फाटकाबाहेरच्या कामगाराच्या खिशाला झेपणारी नाही. चिंबोरी आणि निवट्या खाडीतून यायच्या, त्या खाडीचं काय झालं हेही बोललं पाहिजे. तळोजा एमआयडीसीजवळून वाहणारी कासाडी नदी पनवेलच्या खाडीकडे जाते. तिच्या प्रदूषणाविरुद्ध स्थानिकांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. ज्या पाण्यात गावाचं कालवण वाढत होतं ते पाणीच बिघडलं, तर गाडीवर काय येणार? इथली खाद्यसंस्कृती जपायची म्हणणाऱ्यांनी सुरुवात कासाडीपासून करावी, असं माझं ठाम मत आहे.

सुका जवळा मात्र गाडीच्या सगळ्या अटी पुऱ्या करतो. ही कणभर आकाराची कोलंबीच. उन्हात वाळवली की महिनोन्‌महिने टिकते. कांदा, लसूण, मिरची आणि कोकमाबरोबर परतली की दहा मिनिटांत चटणी तयार, आणि मूठभर चटणीत भाकरी संपते. स्वस्त, पोटभरीची, टिकाऊ. तिच्यापुढची अडचण वासाची. नव्या सोसायट्यांच्या फाटकासमोर सुकी मासळी भाजली की तक्रार होते, आणि गाडीवाल्याला रोज त्याच नाक्यावर उभं राहायचं असतं. ज्या गावांच्या जमिनीवर या सोसायट्या उभ्या आहेत त्यांच्याच चुलीचा वास तिथे नकोसा व्हावा, याचं वाईट वाटतं.

पोपटीची गोष्ट निराळी. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की रायगडभर शेतांत पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी आणि कडेने भांबुर्डीचा पाला, मग शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, वर ओवा आणि जाडं मीठ, पुन्हा पाल्याने तोंड गच्च बंद. मडकं उपडं करून भोवती गवत-काटक्यांचा जाळ करतात. पाणी नाही, तेल नाही. शेंगांच्याच ओलाव्याच्या वाफेवर सगळं शिजतं आणि पाल्याचा उग्र, ओव्यासारखा वास आतवर मुरतो. अलीकडे रायगडात काही ठिकाणी ती मागणीनुसार विकतात. पण जाळ करायला मोकळं शेत लागतं, आणि खायला सोबत लागते. पोपटी गाडीवर आणायच्या फंदात पडू नये. तिला शेतातच राहू द्यावं आणि आपण तिथे जावं.

आणखी एक कारण पाककृतीबाहेरचं आहे. हे जेवण ज्यांच्या हातचं आहे त्या बायका गाडीवर उभ्या नाहीत. कारखान्याच्या फाटकाबाहेर संध्याकाळी गाडी लावायची तर उजेड हवा, जवळ स्वच्छतागृह हवं, उद्या ही जागा राहील याची खात्री हवी. हातगाडी उचलून नेली तर पुरुष आठवड्यात दुसरी जुळवतो, पण घरातल्या पैशांतून भांडी घेतलेल्या बाईला तो फटका पेलत नाही.

तेव्हा सगळं येऊन थांबतं ते पक्क्या जागेवर. सिंगापूरने हेच ओळखलं. १९६८-६९मध्ये तिथल्या सरकारने रस्त्यावरच्या सुमारे १८,००० फेरीवाल्यांची नोंदणी केली आणि पुढे १९७१ ते १९८६ या काळात त्यांना नळ, गटार, वीज आणि सामाईक टेबलं असलेल्या छपराखाली हलवलं. आज अशी शंभराहून अधिक केंद्रं तिथे आहेत. लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये चिनी नूडल्सशेजारी बिर्याणी आणि मुर्तबक मिळतं. १६ डिसेंबर २०२० रोजी युनेस्कोने ही फेरीवाला संस्कृती मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. स्वच्छतेचं कौतुक सगळे करतात. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. पक्की जागा आणि वाहतं पाणी मिळाल्यामुळे तासन्‌तास उकळणारे रस्से, ताजी मासळी, हाताने वळायचे पदार्थ असे चाकांवर न तगणारे प्रकार तिथे तगले. रस्त्यावरच राहिले असते तर तिथेही पटकन तळून होणारेच पदार्थ उरले असते.

महाराष्ट्रानेही एक प्रयोग केला होता. १९९५मध्ये राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं काढली. जागा दिल्या, अनुदान दिलं, आणि पदार्थ व किंमत दोन्ही बांधून दिले. अनुदान थांबल्यावर भाव परवडेना, आणि बऱ्याच केंद्रांत झुणका-भाकर जाऊन दुसरंच काही विकलं जाऊ लागलं. २६ जानेवारी २०२०ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. गरिबाच्या पोटाला आधार म्हणून ती योग्यच, पण तिचाही श्वास अनुदानावर चालतो. सरकारने ताटात काय वाढायचं आणि केवढ्याला हे ठरवू नये. ओटा, नळ, गटार आणि शीतपेटी द्यावी, रास्त भाडं घ्यावं. बाकीचं रांधणारी माणसं आणि खाणारी माणसं मिळून ठरवतात.

यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्राने कायदा केला. त्यानुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांतल्या एक तृतीयांश जागा स्त्रियांच्या असाव्यात. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हावं, आणि ते पुरं होईपर्यंत कुणाला हटवू नये. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना शहराने सामावून घ्यावं असंही त्यात आहे, म्हणजे लाखभर वस्तीमागे अडीच हजार. पैशांचीही वाट आहे. २०२३मध्ये केंद्राने देशात १०० स्वच्छ खाऊगल्ल्या उभारायची योजना आणली, प्रत्येकीसाठी एक कोटी रुपये. मुंबईत गिरगाव आणि जुहू चौपाटीला ‘क्लीन स्ट्रीट फूड हब’चा दर्जा मिळालेलाच आहे. सिडकोच्या नकाशात शाळा, उद्यान, मंदिर, पेट्रोल पंप सगळ्यांना भूखंड आहेत. गाडीवाल्याला मात्र पदपथाची कड मिळाली.

तोवर खायचं कसं, हेही सांगायला हवं, कारण गाड्यांवर मनापासून खाणाऱ्याने डोळे उघडे ठेवून खावं. तळलेला पदार्थ डोळ्यांदेखत कढईतून निघत असेल तर तो सर्वांत निर्धोक. तेल मात्र बघावं. काळं, घट्ट, फेस धरणारं आणि लवकर धुरावणारं तेल पुन्हापुन्हा तापवलेलं असतं. अशा तेलात साठणाऱ्या घातक ध्रुवीय संयुगांवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. चायनीजच्या गाडीवर खरी जोखीम भाताची. शिजलेला भात उष्ण हवेत तासन्‌तास पडून राहिला की बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढतो. त्याचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत, आणि उलटी आणणारं त्याचं विष पुन्हा परतल्यानेही जात नाही. म्हणून रात्री उशिराच्या फ्राइड राइसपेक्षा त्याच गाडीवरचं गरम सूप बरं. पाणीपुरीत आणि सरबतात पाणी आणि बर्फ पाहा. महाराष्ट्रात २०१८पासून खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगवावा असा नियम आहे. सरबताच्या गाडीवर असा बर्फ दिसला तर ग्लास हातात घेऊ नका. वर्तमानपत्रात बांधलेला वडा नाकारा, कारण शाईतली रसायनं गरम तेलात उतरतात. हे सगळं भांडून करायचं नसतं. ‘दादा, कागद नको, प्लेटमध्ये द्या’ एवढं म्हटलं की गाडीवाला ऐकतो, कारण रोजचं गिऱ्हाईक त्याला हवं असतं.

पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ला स्थापन झाली आणि तळोज्यासह २९ गावं तिच्या हद्दीत आली. मेट्रोचं शेवटचं स्थानक पेंधरला आहे, गाव लागूनच आहे, एमआयडीसी हाकेच्या अंतरावर आहे. महापालिका आणि सिडकोने या स्थानकाजवळ नळ, गटार, दिवे, स्वच्छतागृह आणि शीतपेटी असलेले ओटे बांधावेत. आज नाक्यांवर उभ्या असलेल्या वडेवाल्यांना आणि लिट्टीवाल्यांना त्यांत आधी जागा द्यावी, आणि उरलेले ओटे भोवतालच्या गावांतल्या महिला बचत गटांना, तव्यासकट, रास्त भाड्याने द्यावेत. फेज वन आणि फेज टूमध्ये राहणाऱ्या वाचकांनी आपल्या प्रभागात ही मागणी लेखी करावी. आणि तांदळाची भाकरी वडापावच्या भावात मागू नये.